मिशीवाली बाटली

सोमवार, ७ एप्रिल

ताई,

आधी एक कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. गेले तीन महिने तू दर रविवारी सकाळी दहा वाजता मला फोन करतेस. बाबांची चौकशी करतेस, त्यांच्यासाठी निरोप देतेस. हे तुला ठाऊक नाही, कारण तू फोन करतच नाहीस. मी नुसताच फोन कानाला लावून दुकानाच्या पायरीवर बसतो आणि "हां ताई, बोल" म्हणतो.

घाल काय शिव्या घालायच्यात त्या. झाल्या घालून? आता ऐक.

दवाखान्याच्या जिन्यात बाबा तुला जे बोलले ते मीही ऐकलं होतं. "ऑपरेशनच्या तुझ्या हट्टापायी डोळा गेला. मला दिसत होतं तेवढं पुरे होतं." तू पिशवी उचललीस आणि गेलीस, आणि तेव्हापासून त्यांचा फोन उचलत नाहीस आणि माझाही. बरोबर आहे. तुझ्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता. पण तू गेल्यावरच्या पहिल्या रविवारी काय झालं ते तू बघितलं नाहीस. बाबा बाकावर बसले, पुढ्यात कोणाचं तरी हातघड्याळ उघडं, आणि भिंग लावलं ते उजव्याच डोळ्याला. सवयीने. मग काढलं, डाव्याला लावलं, आणि एक स्क्रू पाडला. तुझी फोनची दहाची वेळ त्यांच्या अंगात भिनलेली, त्यामुळे निम्मं लक्ष फोनकडे. अकरापर्यंत तोच स्क्रू पडत राहिला आणि मी बाकाखाली रांगत राहिलो. शेवटी गुडघे सोलले तेव्हा मी फोन कानाला लावला. आईशपथ, सुरुवात एवढीच. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती मी, त्यापुढे हे म्हणजे किरकोळच वाटलं.

"काय म्हणाली?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"जेवलात का विचारत होती."

बाबा उठले आणि जेवले. दोन दिवसांनी जेवले ताई. मग मी पुढच्या रविवारी कसा थांबणार?

आता मुद्द्याचं. तू गेल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. म्हणाल्या, ऑपरेशन एकदम व्यवस्थित झालं होतं. नंतर घालायला दिलेले थेंब नकली होते. बाटलीतले थेंब त्यांनी बाबांना भरती केलं त्याच दिवशी तपासायला पाठवले होते. औषधाचा त्यात पत्ता नाही, नुसतं घाण पाणी, आणि जे जंतू पाण्यात तेच डोळ्यात. नुकसानभरपाई मागा, म्हणाल्या, मी लेखी देते. बाबांनी कानांवर हात ठेवले. कारण थेंब कोणाकडून आणले? शेजारच्या औषधवाल्या काकांकडून. बाबा दर सोमवारी काकांच्या दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी देणार, काका बाबांना औषधं देणार, आणि दोघांत आजवर एक बिल झालेलं नाही. "त्याच्यावर तक्रार करू? उद्या त्याच्या तोंडाकडे बघायचं कसं?" असं म्हणून बाबांनी विषय मिटवला.

तो तू उघडलास. रविवारच्या फोनवर. तुझा निरोप होता, "बाबांना सांग, काकांना कोणीतरी फसवलंय, तो कोण ते काढायचं तर तक्रार करावीच लागेल." बाबांनी हातातलं घड्याळ पुसून ठेवलं. मग म्हणाले, "ती म्हणते तर करू."

दुसऱ्याच दिवशी सही केली, फेब्रुवारीतच. म्हणजे दावा उभा आहे तो तुझ्या शब्दावर, आणि तो शब्द माझा आहे. आता तुला कळलं, मी एवढं लांबलचक पत्र का लिहितोय.

दावा काकांवर आणि काकांना माल देणाऱ्या घाऊकवाल्यावर. आमच्या वकीलबाई बोलायला शांत आहेत पण ऐकताना चष्म्यावरून बघतात, त्यामुळे खोटं बोलताना घाम फुटतो. त्यांचा एक कागद सोबत आहे. थेंब रोज तू घालत होतीस, त्याच बाटलीतून घालत होतीस, एवढं लिहून सही करायची आणि त्यांच्याकडे पाठवायचं. माझ्याशी बोलू नकोस, पण सही कर.

त्यांना ती बाटलीही हवी आहे. ती सापडत नाही असं मी सांगितलंय. नाही सापडत तर नाही सापडत, घरात काय कमी पसारा आहे?

तुझं माकड

•

गुरुवार, २४ एप्रिल

ताई,

उत्तर नाही आलं. मला नाही तर निदान मांजराला विचारून लिहायचं होतंस. (तुझ्याकडे एक मांजर आहे. सांगतो नंतर.)

घाऊकवाल्याच्या वकिलाचं म्हणणं आलं. ती बाटली आमच्या मालातली नव्हेच, म्हणतो. बिल दाखवा. बिल नाही. आणि पुढे त्याने एक फोटो जोडलाय, बाबांच्या बाकाचा. तेलाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. तुला माहीत आहे, थेंबांच्या रिकाम्या बाटल्या जमवून बाबा त्यात घड्याळाचं तेल भरतात, दुसऱ्या कशात त्यांना तेल ठेवताच येत नाही. वकील म्हणतो, या घरात डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीत तेल असतं. तपासलेल्या बाटलीत पाणी असेल, पण डोळ्यात घातलं ते दुसऱ्या बाटलीतलं, घालताना अदलाबदल झाली असणार. दोष घरच्यांचा.

फोटो कोणी काढला? पट्टा बदलायला एक साहेब आले होते, गोड बोलले, दुकान छान आहे म्हणाले, एक फोटो काढू का म्हणाले. मी म्हटलं काढा की. पट्टाही मीच लावून दिला. फोटोत कोपऱ्यात मी हसतोय.

तो कागद वकीलबाईंनी वाचून दाखवला. घरी येऊन बाबांनी बाकावरच्या सगळ्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. साबणाने हात धुतले. मग मला म्हणाले, "खटपट्या, खरंच तेल गेलं असेल का रे डोळ्यात?"

मी म्हटलं, "थेंब तुम्ही कुठे घालत होता? ताई घालत होती."

बोललो आणि जीभ चावली. कारण थेंब तू घालत होतीस म्हणजे अदलाबदल झाली असली तर ती कोणी केली? फिरून फिरून तुझ्यावरच आलं. बाबांच्याही ते ध्यानात आलं असणार, कारण ते उठले आणि चालू असलेल्या घड्याळाला उगाच चावी देत बसले. आणि तू तिकडे बसून काय विचार करत असशील ते मला इथून दिसतंय. स्वतःचे हात बघत असशील.

म्हणून आता खरं सांगतो. बाटली माझ्याकडे आहे. दवाखान्याने बाबांच्या सामानात घालून परत दिली होती. बंद पडलेलं लंबकाचं घड्याळ आहे ना दुकानात, गिऱ्हाईक न्यायला न आलेलं, त्याच्या पोटात ठेवली आहे.

का लपवली ते ऐक. ऑपरेशनच्या दिवशी तूच मला म्हणाली होतीस, माकडा, तेलाच्या बाटल्यांवर खुणा कर, घोटाळा नको. मी केल्या. प्रत्येकीवर एक गाढव काढलं. गिऱ्हाइकं हसायला लागली म्हणून बाबांनी दुसऱ्या आठवड्यात सगळी गाढवं स्पिरिटने पुसली. पण औषधाच्या बाटलीवरही काहीतरी हवं, नाही का? ती घ्यायला काकांकडे गेलो तेव्हा तिथेच, खोक्यांवर लिहायचं त्यांचं काळं पेन घेऊन लेबलावर काकांचा चेहरा काढला. टक्कल, चष्मा, आणि ही एवढी मिशी. ती मिशी आली बरोबर बॅच नंबरावर. आता तो नंबर वाचता येत नाही. आणि वकीलबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, लेबलावर कोणी खाडाखोड केली असेल तर तो पुरावा गेला म्हणून समजा.

मला काय माहीत, मी पुराव्याला मिशी काढतोय ते.

बाटली दिली तर दावा माझ्या मिशीत अडकून मरणार. नाही दिली तर तेल गेलं असंच ठरणार. काय करू? फोनवर तू मला हे सांगत नाहीस. तिथे तू मी सांगीन तेवढंच बोलतेस.

माकड

•

सोमवार, १९ मे

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. एवढ्या ओळी तर दुधाच्या पिशवीवर असतात. "कागद वकिलांकडे पाठवला. बाटली दे, माकडा. मिशी मी रोज बघत होते."

मी ती वाचून पायरीवर बसून राहिलो. खरंच की. दिवसातून सहा वेळा तू ती बाटली हातात घेत होतीस. काकांच्या टकलाला अंगठा लावून. तेल कुठून येणार? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, मी आपला मिशीलाच घाबरलेलो.

बाटली दिली. वकीलबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे, मग परत माझ्याकडे. तासभर बोलल्या. ते इथे लिहीत नाही, मला बोलायला तुझ्याकडे तुझे शब्द आहेतच. मग त्यांनी ती तपासायला पाठवली. तिथल्या माणसांनी अर्धी मिशी पुसून नंबर काढला. जिचं नाव लेबलावर होतं त्या कंपनीने कळवलं की असा नंबर आम्ही कधी छापलेलाच नाही. म्हणजे लेबलसुद्धा नकली. पण ही बाटली काकांच्या दुकानातून आली आणि काकांकडे घाऊकवाल्याकडून आली, हे अजून उभं करायचं होतं. काकांनी तर लेखी दिलेलं की आम्ही विकली नाही, बिल नाही. ते लिहून दिलं घाऊकवाल्याच्या वकिलाने, काकांनी नुसती सही केली. परवाना जाईल म्हणून पाचावर धारण बसली होती त्यांची. दावा लागल्यापासून ते बाबांशी बोलत नव्हते. बाबाही त्यांच्याकडे जात नव्हते. त्यांच्या दुकानातलं घड्याळ चार वीसला बंद पडलेलं, आणि तिथे औषध घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं चहाची वेळ झाली.

शुक्रवारी ग्राहक आयोगात सुनावणी झाली. खोली म्हणजे शाळेच्या स्टाफरूमसारखी. भिंतीला हिरवट रंग, लांब टेबल, पलीकडे तिघं बसलेले, पंखा एका बाजूला झुकून फिरणारा. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काका पलीकडच्या बाजूला, मांडीवर पिशवी घट्ट धरून. दोघं समोरासमोर बसले होते आणि दोघंही पंख्याकडे बघत होते.

घाऊकवाल्याचा वकील आधी बोलला. तेल, बाक, फोटो. त्या तिघांतल्या मधल्या बाईंनी फोटो बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी हसणारा तोच, हे त्यांना कळलं असावं.

मग वकीलबाई उठल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीतली बाटली काकांच्या पुढ्यात ठेवली. आवाज चढवला नाही, काही नाही. विचारलं, "हे चित्र कोणाचं आहे?"

काकांनी चष्मा पुसला. बाटली उचलली, लांब धरली, जवळ धरली. त्यांनी फक्त "माहीत नाही" म्हणायचं होतं. घाऊकवाल्याचा वकील त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होता, तेवढंच म्हणा म्हणून.

काका म्हणाले, "माझं आहे. पण मिशी अर्धी कोणी पुसली?"

टेबलापलीकडचे एक गृहस्थ खोकले. वकीलबाईंनी विचारलं, हे कोणी काढलं, आणि कुठे.

"या कार्ट्याने काढलं. माझ्या काउंटरवर, माझ्याच पेनाने." मग काका थांबले. बाबांकडे बघितलं, त्या दिवसात पहिल्यांदा. "तीळ मी काढला. तो विसरला होता. मी म्हटलं, माझा चेहरा काढतोस तर नीट काढ, आण इकडे."

मीही विसरलो होतो बघ. गालावर एक ठिपका होता, मला वाटायचं पेन टेकलं असेल.

"तेव्हा बाटलीचं सील होतं?"

"होतं. नवी होती. खोक्यातून मीच काढून दिली." तो वकील उठून काहीतरी म्हणत होता, पण काका आता थांबेनात. त्यांनी मांडीवरची पिशवी उघडली आणि त्याच नंबरचा माल घाऊकवाल्याकडून घेतल्याची पावती काढून टेबलावर ठेवली. म्हणजे बरोबर घेऊन आले होते. देऊ की नको, देऊ की नको करत पिशवी एवढी घट्ट धरून बसले होते. म्हणाले, "स्वस्त देतो म्हणाला, मी घेतला. का स्वस्त देतो ते विचारलं नाही. ती चूक माझी आहे. पण यांनी डोळ्यात तेल घातलं असं मी कशाला म्हणू? त्या पोरीने किती जपून थेंब घातले असतील ते मला माहीत आहे."

ती पोरगी म्हणजे तू.

बाहेर व्हरांड्यात काका माझ्याजवळून गेले. थांबले. "माझा तीळ डाव्या गालावर आहे," म्हणाले, "तू चेहरा एवढा वाकडा काढलास की मला उजवीकडे काढावा लागला." आणि गेले. बाबा मागून येत होते. त्यांनी बसमध्ये मला खिडकीची जागा दिली. लहानपणी मी शहाण्यासारखा वागलो की देत होते तशी.

माकड

•

बुधवार, २५ जून

ताई,

निकाल लागला. आपल्या बाजूने. घाऊकवाल्याने भरपाई द्यायची, थोडी काकांनीही. घाऊकवाला आणखी वर अपील करणार म्हणतो. वकीलबाई म्हणाल्या, करू दे, आपल्याकडे आता मिशीही आहे आणि तीळही. त्या विनोद करतात हे मला पहिल्यांदाच कळलं.

काकांचं दुकान पुढच्या आठवड्यापासून काही दिवस बंद ठेवायला लावलंय. बाबा काल तिकडे गेले. मला वाटलं आता भांडण होणार म्हणून मी मागोमाग गेलो. बाबांनी स्टूल ओढलं, वर चढले, घड्याळ उघडलं, चावी दिली. वेळ लावायला काटा एका डोळ्याने नीट दिसेना, तर काका खालून सांगत होते, अजून पुढे, अजून, बस. पैशाबद्दल दोघंही एक शब्द बोलले नाहीत. काकांनी जाताना डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या. बाबा म्हणाले, "बिल?" काकांनी पहिल्यांदा बिल फाडलं.

पण मी पत्र लिहितोय ते दुसऱ्याच कारणाने.

निकालाचा कागद घरी आला तेव्हा बाबांनी रक्कम विचारली नाही. विचारलं, "डोळा कशाने गेला असं लिहिलंय?" मी वाचलं. नकली थेंबांमुळे. ऑपरेशनमध्ये दोष नाही, घरच्यांची हयगय नाही. म्हणाले, परत वाच. परत वाचलं. मग ते उठून बाकावर बसले, भिंग हातात घेतलं, लावलं नाही.

"रविवारी तिचा फोन येईल ना," म्हणाले, "माझ्याकडे दे."

आजवर कधी मागितला नव्हता. निरोपावर भागत होतं. मी विचारलं, काय सांगायचंय, मी सांगतो की. तर म्हणाले, "नाही. जे जिन्यात बोललो ते मी तोंडाने बोललो होतो. हेही तोंडानेच बोलायला पाहिजे."

तेव्हापासून ते सराव करतायत ताई. त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही. पाठमोरे बसतात आणि घड्याळांशी बोलतात. "तुझ्या हट्टामुळे नाही, पोरी." मग थांबतात. मग "पोरी" काढून टाकून म्हणून बघतात. मग परत घालतात.

तर रविवारी दहा वाजता तू फोन करायचा आहेस. खरा. घंटी वाजणारा. आणि त्याआधी तू आतापर्यंत काय काय बोलली आहेस ते नीट ऐकून ठेव, नाहीतर मी मेलो.

तुझ्याकडे एक मांजर आहे, एक कान फाटलेलं, घरमालकिणीचं, पण झोपतं तुझ्याकडे. चहात साखर तू सोडली आहेस, बाबांनी त्यामुळे निम्मी केली आहे, तेव्हा चुकूनही साखरेचं नाव काढू नकोस. मार्चमध्ये तुझी दाढ दुखत होती. काकांनी लवंगेचं तेल सांगितलं होतं, दावा लागलेला असताना, माझ्यामार्फत, चोरून. दाढ बरी झाली आहे असं म्हण. तुझ्या ऑफिसातले साहेब जेवल्यावर झोपतात आणि घोरतात, बाबांना ही गोष्ट फार आवडते, दर रविवारी विचारतात. त्यात काहीतरी नवीन घाल, माझं सुचायचं बंद झालंय. मांजराला काय हाक मारतेस ते मी अजून सांगितलेलं नाही. ते बाबा विचारतीलच. ते तुझं तू ठरव.

आणि एक राहिलं. तू त्यांना माफ केलेलं आहेस. तिसऱ्याच रविवारी. मला आधी विचारायला हवं होतं, पण तुझा फोन लागत नव्हता. ते फिरवायचं असेल तर फिरव, तुझा हक्क आहे. फक्त आधी त्यांचं वाक्य पुरं होऊ दे. मधे थांबले तर "हॅलो, हॅलो" करू नकोस. ते पोरी घालायचं की नाही ते ठरवत असतील.

मग काय बोलायचं ते बोल. तेव्हा मी काही शिकवणार नाही. मी पायरीवर जाऊन बसेन, कानात बोटं घालून.

पण हे सगळं तुझ्या-माझ्यात. रविवारचे फोन तूच करत होतीस, पहिल्यापासून, प्रत्येक. काकांना कळलं तर ते औषधाच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतील. वकीलबाईंना कळलं तर त्या चष्म्यावरून बघतील, आणि दावा खोट्या निरोपावर लावला होता हे त्या घाऊकवाल्याच्या वकिलाच्या कानावर गेलं तर विचारायलाच नको. आणि बाबांना कळलं तर ते रागावणार नाहीत, तेच मला सोसणार नाही. हे पत्र वाच आणि फाड. मांजरालासुद्धा सांगू नकोस. पाया पडतो ताई, कोणालाच सांगू नकोस.

तुझं माकड